दोन खिडक्या, दोन शिक्के: जमिनीवरची आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडताना

विमानतळावर प्रवाशाला वाट चुकायला फारशी जागा नसते. विमानातून उतरल्यापासून सामान हाती येईपर्यंतचा मार्ग भिंतींनी आणि दोऱ्यांनी आखलेला असतो आणि इमिग्रेशनची खिडकी टाळून बाहेर पडणे जवळजवळ अशक्य असते. जमिनीवरच्या सीमेचे तसे नाही. तिथे अनेकदा एक साधा सार्वजनिक रस्ता असतो, त्याच्या कडेला सहज नजरेतून सुटेल असे कार्यालय असते, मालाचे ट्रक आणि आसपासच्या गावांतली माणसे सतत ये-जा करत असतात आणि त्या गर्दीबरोबर चालत राहिलेला परदेशी प्रवासी कोणीही न अडवता थेट दुसऱ्या देशात पोहोचू शकतो. भारत आणि नेपाळ यांच्या सीमेवरील सुनौली हे याचे ठळक उदाहरण आहे. या दोन देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे जाण्यासाठी व्हिसा लागत नाही, त्यामुळे गर्दी न थांबता पुढे सरकत राहते आणि तिसऱ्या देशाचा प्रवासी भारताचे इमिग्रेशन कार्यालय नकळत मागे टाकून नेपाळच्या खिडकीपाशी जाऊन उभा राहतो. मग प्रश्न येतो तो भारतातून बाहेर पडल्याच्या शिक्क्याचा.

माझ्याकडून हीच चूक एका वेगळ्या सीमेवर झाली होती. बस थांबली, सगळे उतरले, मी पुढच्या माणसाच्या मागोमाग चालत गेलो. पलीकडच्या अधिकाऱ्याने माझ्या पासपोर्टची पाने दोनदा उलटली, काही न बोलता तो परत दिला आणि बोटाने मागचा रस्ता दाखवला. पाठीवर सामान घेऊन भर दुपारी जवळजवळ एक किलोमीटर परत चालावे लागले आणि शिक्का घेऊन येईपर्यंत बस निघून गेली होती. त्या दुपारी एक गोष्ट कायमची ध्यानात राहिली. जमिनीवरून सीमा ओलांडणे हे दोन खिडक्यांवरचे दोन स्वतंत्र काम आहे. पहिल्या खिडकीवर एक देश आपल्याला सोडतो आणि दुसऱ्या खिडकीवर दुसरा देश आपल्याला आत घेतो. या दोन्ही नोंदी झाल्या की नाहीत, हे पाहण्याची जबाबदारी सर्वस्वी प्रवाशाची असते. बसचालक, गाईड किंवा पुढे उभा असलेला अनुभवी सहप्रवासी ती घेत नाही. पुढील सर्व सूचना याच एका गोष्टीभोवती रचलेल्या आहेत.

चौकी आधी निवडावी, मार्ग नंतर

नकाशावर दोन देशांना जोडणारा रस्ता दिसला म्हणजे तिथून आपल्याला जाता येईल, असे गृहीत धरू नये. कित्येक चौक्या फक्त त्या दोन देशांच्या नागरिकांसाठी किंवा सीमेलगतच्या रहिवाशांसाठी खुल्या असतात आणि तिसऱ्या देशाच्या पासपोर्टवर तिथे शिक्का मारण्याची सोयच नसते. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा, की ही चौकी माझ्या नागरिकत्वाच्या प्रवाशासाठी, माझ्या प्रकारच्या व्हिसावर आणि मी ज्या दिशेने जाणार आहे त्या दिशेने चालू आहे का. तिन्ही अटी वेगवेगळ्या तपासाव्यात. व्हिएतनामच्या ई-व्हिसाचे उदाहरण घ्यावे. त्याच्या अर्जातच प्रवेशाचे आणि बाहेर पडण्याचे ठिकाण विचारले जाते आणि तो ई-व्हिसा ठरवून दिलेल्या चौक्यांवरच चालतो. व्हिसा हातात आहे, पण चौकी यादीत नाही, अशा अवस्थेत डोंगरातल्या एखाद्या नाक्यावर पोहोचलेल्या प्रवाशाला कितीही विनवण्या केल्या तरी मागे फिरावे लागते.

दुसरा प्रश्न वेळेचा. बऱ्याच मोठ्या चौक्या रात्रंदिवस उघड्या असतात, परंतु लहान चौक्यांना कार्यालयासारखे तास असतात, जेवणाची सुट्टी असते आणि दोन्ही देशांचे सण वेगवेगळ्या दिवशी येतात. त्यात घड्याळाची भर पडते. चीनमध्ये संपूर्ण देशाला एकच प्रमाणवेळ आहे, तर कझाकस्तानने १ मार्च २०२४ पासून देशभर एकच वेळ लागू केली आणि ती चीनच्या वेळेपेक्षा तीन तासांनी मागे आहे. त्यामुळे या दोन देशांमधल्या खोर्गोस चौकीवर कझाकस्तानच्या बाजूला दुपारचे दोन वाजलेले असताना चीनच्या बाजूला पाच वाजलेले असतात. भारत आणि नेपाळ यांच्या घड्याळांत तर अवघ्या पंधरा मिनिटांचा फरक आहे आणि तोही शेवटची बस चुकवायला पुरेसा ठरतो. चौकीची वेळ लिहून घेताना ती कोणत्या देशाच्या घड्याळाप्रमाणे आहे, हेही शेजारी लिहावे.

तिसरी बाब म्हणजे चौकी चालू असल्याची ताजी खात्री. अँडीज पर्वतातून चिली आणि अर्जेंटिना यांना जोडणारा लोस लिबेर्तादोरेस मार्ग सुमारे ३,२०० मीटर उंचीवरच्या बोगद्यातून जातो आणि हिवाळ्यात बर्फामुळे बंद पडतो. राजकारणामुळे पडणारी कुलुपे त्याहूनही अचानक पडतात. २०२५ मध्ये थायलंड आणि कंबोडिया यांच्यातील सीमावाद चिघळल्यावर पोईपेतसारखी वर्षानुवर्षे प्रवाशांनी गजबजलेली चौकीही पर्यटकांसाठी बंद झाली. म्हणून जुन्या प्रवासवर्णनावर विसंबू नये. निघण्याच्या आठवड्यात दोन्ही देशांच्या सरकारी सूचना वाचाव्यात आणि त्या मार्गावर रोज बस चालवणाऱ्या कंपनीला फोन करून विचारावे. बसवाल्यांना ही माहिती बहुधा सर्वांच्या आधी कळते. पर्यायी चौकी कोणती आणि तिथे पोहोचायला किती वेळ लागेल, हेही त्याच बैठकीत पाहून ठेवावे.

कागदपत्रांची छाननी

पासपोर्टची मुदत ही बहुतेकांना ठाऊक असलेली अट आहे. अनेक देश प्रवेशाच्या दिवसापासून सहा महिन्यांची शिल्लक मुदत मागतात. शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपसांतल्या सीमांवर साधारणपणे तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात, नियम थोडा वेगळा आहे. तिथून बाहेर पडण्याच्या नियोजित तारखेनंतर तीन महिने मुदत शिल्लक हवी आणि पासपोर्ट गेल्या दहा वर्षांच्या आत दिलेला असावा. कोऱ्या पानांकडे मात्र दुर्लक्ष होते. जमिनीवरून पाच-सहा देश ओलांडणाऱ्या प्रवाशाच्या पासपोर्टवर प्रत्येक सीमेवर दोन शिक्के पडतात आणि काही देशांचा व्हिसा एक पूर्ण पान व्यापतो, त्यामुळे पाने विचारात न घेता आखलेला प्रवास मध्येच अडू शकतो.

व्हिसावरचा ‘सिंगल एन्ट्री’ हा शब्द जमिनीवरच्या प्रवासात सर्वाधिक नुकसान करतो. शेजारच्या देशात एक दिवस जाऊन परत येऊ, असे म्हणत माणूस सहज निघतो आणि एक्झिटचा शिक्का पडताच पहिल्या देशाचा व्हिसा संपलेला असतो. व्हिक्टोरिया धबधबा हे अशा ठिकाणांपैकी एक आहे, कारण धबधब्याची एक बाजू झांबियात आणि दुसरी झिम्बाब्वेत आहे आणि मधल्या पुलावरून दिवसभर माणसे ये-जा करतात. या दोन देशांसाठी मिळून ‘काझा युनिव्हिसा’ नावाचा एकत्रित व्हिसा पात्र नागरिकांना मिळतो. त्यावर झांबिया आणि झिम्बाब्वे यांच्यात ये-जा करता येते आणि काझुंगुला येथून बोत्स्वानाची एका दिवसाची फेरीही होते. आपल्या मार्गावर अशी काही सोय आहे का, हे शोधण्यात घालवलेला तास वाया जात नाही.

मुक्कामाचे दिवस मोजण्याचे काम स्वतः करावे. शेंगेन क्षेत्रात कोणत्याही १८० दिवसांच्या काळात ९० दिवसच राहता येते आणि आत आल्याचा व बाहेर पडल्याचा हे दोन्ही दिवस मोजले जातात. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे बिगर-युरोपीय प्रवाशांच्या अल्पकालीन मुक्कामाची नोंद शिक्क्याऐवजी संगणकीय प्रणालीत करण्यास टप्प्याटप्प्याने सुरुवात झाली. या प्रणालीत चेहऱ्याचे छायाचित्र आणि बोटांचे ठसे घेतले जातात, त्यामुळे पहिल्या प्रवेशाला जास्त वेळ धरावा. शेंगेनच्या आतल्या सीमांवर साधारणपणे तपासणी नसते, तरी पासपोर्ट सामानाच्या तळाशी टाकून चालत नाही. जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सर्व भू-सीमांवर तात्पुरती तपासणी सुरू केली आणि रात्रीच्या बसमध्ये चढलेले पोलीस झोपलेल्या प्रवाशांना उठवून कागदपत्रे पाहू शकतात.

अलीकडे अनेक देशांनी आगमनाचा कागदी फॉर्म बंद करून तो ऑनलाइन केला आहे. मलेशिया, सिंगापूर आणि थायलंड यांची डिजिटल आगमनपत्रे प्रवेशाच्या आधीच्या तीन दिवसांत भरावी लागतात आणि ती मोफत आहेत. शोधयंत्रात वरच्या बाजूला पैसे मागणारी संकेतस्थळे दिसली, तर ती सरकारी नाहीत हे ओळखावे. भरलेल्या पत्राचा स्क्रीनशॉट आणि शक्य असल्यास छापील प्रत जवळ ठेवावी. सीमेवर मोबाइलचे नेटवर्क दोन देशांच्या मनोऱ्यांमध्ये हेलकावे खात असते आणि नेमक्या खिडकीसमोर पान उघडत नाही.

काही मार्गांवर पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र तपासले जाते. ते लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरले जाते आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या ११ जुलै २०१६ पासून लागू असलेल्या नियमानुसार आयुष्यभर चालते. एकट्या पालकाने मूल सोबत नेताना दुसऱ्या पालकाचे संमतिपत्र आणि मुलाचा जन्मदाखला बरोबर घ्यावा. दोघांची आडनावे वेगळी असतील, तर हे कागद मागितले जाणारच असे समजून निघावे.

सीमेपर्यंतचे शेवटचे दोन किलोमीटर

फसवणूक बहुधा खिडकीवर होत नाही, ती खिडकीच्या आधी होते. रिक्षावाला थेट चौकीवर न नेता एखाद्या नीटनेटक्या दुकानासमोर थांबतो, आत टेबलामागे बसलेला माणूस ‘व्हिसा इथेच काढायचा’ असे सांगतो, त्याच्या शर्टावर ओळखपत्रासारखे काहीतरी लटकत असते. अशा वेळी एकच कसोटी लावावी. सरकारी इमारत, देशाचा ध्वज, गणवेशातील अधिकारी आणि छापील शुल्कपत्रक दिसल्याशिवाय पासपोर्ट आणि पैसे हातातून सोडू नयेत. फॉर्म भरायला मदत करतो म्हणून पासपोर्ट मागणाऱ्या दलालाला नम्रपणे नकार द्यावा आणि तो स्वतः भरण्यासाठी चालणारे पेन खिशात ठेवावे. सीमेवर पेन उसने मिळत नाही, हा माझा पक्का अनुभव आहे.

बसने जाताना उतरण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: सर्व सामान घेऊन उतरायचे की बसमध्ये ठेवायचे, बस पलीकडे नेमकी कुठे थांबेल आणि ती किती वेळ वाट पाहील. सिंगापूर आणि मलेशिया यांना जोडणाऱ्या, सुमारे एक किलोमीटर लांबीच्या वूडलँड्स कॉजवेवर शहरी बसने जाताना प्रत्येक तपासणीला सामानासह खाली उतरावे लागते. खिडकीवर वेळ लागला तर आपली बस निघून जाते, मात्र त्याच कंपनीची मागची बस तेच तिकीट दाखवून पकडता येते. हे माहीत असलेला प्रवासी तिकीट जपून ठेवतो. माहीत नसलेला ते पहिल्याच कचरापेटीत टाकतो. बसचा क्रमांक आणि रंग यांचा फोटो काढायचा तर तो चौकीच्या बराच आधी काढावा, कारण चौकीच्या आवारात फोटो काढण्यास सर्रास बंदी असते आणि नकळत काढलेला एक फोटोही चौकशीचे कारण ठरू शकतो.

पहिली खिडकी: देश सोडण्याची नोंद

आता मूळ मुद्दा. इमारतीवरचे फलक वाचून ‘डिपार्चर’ किंवा ‘एक्झिट’ची रांग शोधावी. फलक अनोळखी लिपीत असतील, तर सामान घेऊन आपल्याच दिशेने निघालेल्या प्रवाशांकडे पाहावे, पण स्थानिक रहिवाशांच्या मागे जाऊ नये, कारण त्यांची रांग आणि त्यांचे नियम वेगळे असतात. कुठे आधी कस्टम्स आणि मग इमिग्रेशन असते, कुठे उलट. काही देशांत बाहेर पडताना शुल्क भरून पावती दाखवावी लागते, म्हणून शेवटचे सुटे पैसे आदल्या रात्री संपवून टाकू नयेत.

अधिकारी पासपोर्ट परत देईल, तेव्हा खिडकीसमोरून हलण्यापूर्वी ताजा शिक्का शोधावा आणि त्यावरील तारीख वाचावी. मागे रांग खोळंबलेली असते, अधिकारी पुढच्या माणसाला बोलावत असतो, तरीही हे पाच सेकंद घ्यावेत. शिक्क्यांना स्वतःची एक भाषा असते आणि ती थोडी शिकून घेण्यासारखी आहे. संगणकीय नोंदीआधीच्या शेंगेनच्या शिक्क्यावर देशाची अक्षरे, चौकीचे नाव आणि तारीख असते, बाणाची दिशा पाहून प्रवेश की निर्गमन ते कळते आणि एका कोपऱ्यात मोटार, आगगाडी, जहाज किंवा विमान यांचे छोटे चित्र असते. शाई फिकी पडून तारीख वाचता येत नसेल किंवा महिना चुकला असेल, तर तिथल्या तिथे नम्रपणे दाखवावे. तोच शिक्का दोन महिन्यांनी तिसऱ्या देशात समजावून सांगणे फार कठीण जाते. जिथे शिक्काच मारला जात नाही, तिथे मिळालेली चिठ्ठी पासपोर्टइतकी जपावी. इस्रायल पासपोर्टवर शिक्का न मारता कागदाची छोटी चिठ्ठी देतो. परंतु जमिनीच्या मार्गाने जाताना शेजारच्या देशाच्या शिक्क्यावर चौकीचे नाव असते आणि त्यावरून प्रवासी कुठे गेला होता हे कळू शकते, याचा विचार पुढचे देश ठरवतानाच करावा.

परवानगीपेक्षा जास्त दिवस राहणे झाले असेल, तर ते याच खिडकीवर उघडकीस येते. आजारपण, रद्द झालेली गाडी किंवा दरड कोसळल्यामुळे बंद झालेला रस्ता अशी खरी कारणे असतील, तर त्यांचे कागद वरच्या कप्प्यात ठेवावेत आणि अधिकाऱ्याने विचारण्याआधी आपणच सांगावे. दंड भरावा लागला, तर पावती घ्यावी आणि ती पुढील कित्येक वर्षे सांभाळावी.

मधली जागा

दोन खिडक्यांमधले अंतर कधी दहा पावलांचे असते, तर कधी काही किलोमीटरचे. या पट्ट्यात असताना आपण एका देशातून निघालेले असतो आणि दुसऱ्यात पोहोचलेले नसतो, म्हणून इथे रेंगाळू नये आणि कोणाचेही सामान हातात धरू नये. ‘ही एक पिशवी पलीकडे नेऊन द्याल का’ ही विनंती कितीही वृद्ध, कितीही केविलवाण्या माणसाने केली तरी नाकारावी. पिशवीत काय आहे याचे उत्तर ज्याच्या हातात ती असते त्यालाच द्यावे लागते. मी हे जड मनाने लिहितो, कारण बहुतेक विनंत्या खऱ्याही असतात.

हे अंतर पायी पार करता येते का, हेही आधी विचारावे. थायलंडचे नाँग खाई आणि लाओसची राजधानी व्हिएन्टिएन यांच्याजवळ मेकाँग नदीवर १९९४ मध्ये खुल्या झालेल्या मैत्री पुलावरून पायी जाता येत नाही. त्यासाठी पुलावरची शटल बस घ्यावी लागते आणि तिच्या तिकिटाची रक्कम रोख हवी असते. वाहने थायलंडमध्ये रस्त्याच्या डाव्या बाजूने आणि लाओसमध्ये उजव्या बाजूने चालतात, म्हणून पलीकडे उतरून रस्ता ओलांडताना सवयीच्या विरुद्ध दिशेला आधी पाहावे.

काही ठिकाणी मात्र हा पट्टा जवळजवळ नाहीसा झाला आहे. झांबिया आणि झिम्बाब्वे यांच्यातील चिरुंडू येथे २००९ पासून दोन्ही देशांचे अधिकारी एकत्र बसतात आणि प्रवाशाला एकाच इमारतीत दोन्ही नोंदी करून मिळतात. चिली आणि अर्जेंटिना यांच्या उपरोल्लेखित मार्गावरही अशीच एकत्रित तपासणी होते. लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकावर तर फ्रान्सचे अधिकारी युरोस्टार गाडीत चढण्यापूर्वीच पासपोर्ट पाहतात. अशा एकत्रित चौकीवर जास्त सावध राहावे लागते, कारण खिडक्या शेजारी शेजारी असतात आणि एकच शिक्का घेऊन बाहेर पडण्याचा मोह होतो. खिडक्या शेजारी आल्या, तरी त्या दोनच असतात.

दुसरी खिडकी: प्रवेश

इथे विचारले जाणारे प्रश्न जगभर सारखेच असतात: कुठून आलात, कशासाठी आलात, किती दिवस राहणार, कुठे राहणार, परत कसे जाणार, खर्च कोण करणार. उत्तरे खरी, छोटी आणि कागदपत्रांशी जुळणारी असावीत. दहा दिवसांचे हॉटेल आरक्षण दाखवून ‘बघू, महिनाभर राहीन कदाचित’ असे म्हणणारा प्रवासी स्वतःच संशय ओढवून घेतो. पहिल्या मुक्कामाचा पूर्ण पत्ता कागदावर लिहिलेला असावा. फॉर्ममध्ये तो लागतोच आणि मित्राकडे राहणार असल्यास त्याचा फोन क्रमांकही विचारला जातो. पर्यटक म्हणून आत जाताना गंमत म्हणूनही कामाचा, छायाचित्रणाच्या कंत्राटाचा किंवा बातमीदारीचा उल्लेख करू नये आणि खरोखर काम करायचे असेल तर त्यासाठीचाच व्हिसा घ्यावा.

सीमेवर व्हिसा मिळणार असेल, तर शुल्काची नेमकी रक्कम, बहुधा डॉलरमध्ये, स्वच्छ आणि न फाटलेल्या नोटांत जवळ ठेवावी. जुन्या किंवा शाईचा डाग असलेल्या नोटा कित्येक ठिकाणी परत केल्या जातात. पावती नसलेल्या ‘जादा शुल्का’ची मागणी झाल्यास आवाज न चढवता पावती मागावी आणि थांबायची तयारी दाखवावी. घाई असलेल्या माणसाकडूनच पैसे निघतात, हे दोन्ही बाजूंना माहीत असते. म्हणून सीमेच्या दिवशी पुढची गाडी, पुढचे विमान किंवा पुढची भेट घट्ट बांधून ठेवू नये.

प्रवेशाचा शिक्का मिळाल्यावर तीन गोष्टी वाचाव्यात: तारीख, किती दिवसांची परवानगी आणि कोणत्या प्रकारचा प्रवेश. व्हिसावर तीस दिवस लिहिलेले असले, तरी अधिकाऱ्याने कमी दिवस लिहिले तर तेच लागू होतात. चूक वाटली तर खिडकीवरच विचारावे.

एखाद्या प्रवाशाला बाजूच्या खोलीत बसवले, तर तो अपमान मानू नये. नावाचे साम्य, न वाचली गेलेली चिप, संगणकातली जुनी नोंद अशी कारणे रोज घडतात. शांत बसावे, पाणी आणि औषध मागावे, भाषा समजत नसेल तर दुभाषा मागावा आणि न समजलेल्या कागदावर सही करू नये. अमेरिकेसह काही देशांच्या सीमा अधिकाऱ्यांना फोन आणि लॅपटॉप तपासण्याचा अधिकार आहे, म्हणून कामाची गोपनीय माहिती प्रवासातल्या उपकरणावर ठेवूच नये. ताब्यात घेतले गेल्यास आपल्या देशाच्या दूतावासाला कळवण्याची मागणी करता येते. हा हक्क १९६३ च्या वाणिज्यदूत संबंधांवरील व्हिएन्ना कराराने दिलेला आहे. प्रवेश नाकारला गेला, तर कारण लेखी मागावे. शेंगेनच्या सीमेवर ते ठरावीक नमुन्यात द्यावेच लागते आणि त्याविरुद्ध दाद मागता येते. त्यानंतर पहिल्या देशाच्या खिडकीवर परत जाऊन नाकारल्याचा कागद दाखवावा आणि तिथला निर्गमनाचा शिक्का रद्द करण्याची विनंती करावी. या प्रसंगी पहिल्या देशाचा व्हिसा अजून चालू असणे फार उपयोगी पडते, म्हणून त्याच्या अगदी शेवटच्या दिवशी सीमा ओलांडण्याचे ठरवू नये.

कस्टम्स

नियम एका वाक्यात सांगता येतो: शंका असेल ते जाहीर करावे. जाहीर केलेली वस्तू बहुधा फक्त काढून घेतली जाते, लपवलेल्या वस्तूवर दंड बसतो. चिलीत शिरताना वनस्पतिजन्य आणि प्राणिजन्य पदार्थांबाबत लेखी घोषणा द्यावी लागते आणि पिशवीत विसरलेले एक फळही महागात पडू शकते. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. दहा हजार युरो किंवा त्याहून अधिक रोख रक्कम असल्यास तिथे जाहीर करावी लागते, तर अमेरिकेत ही मर्यादा दहा हजार डॉलरच्या वर लागू होते. दोन्ही बाजूंना कायदेशीर असलेली वस्तूही सीमेवर बेकायदा ठरू शकते. कॅनडाने ऑक्टोबर २०१८ मध्ये गांजा कायदेशीर केला, अमेरिकेच्या काही सीमावर्ती राज्यांतही तो चालतो, तरी या सीमेवरून तो कोणत्याही दिशेने नेणे गुन्हा आहे.

औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि चिठ्ठीवर घटकद्रव्याचे नाव असेल अशा रीतीने न्यावीत. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेली वेदनाशामके कित्येक देशांत नियंत्रित औषधे मानली जातात.

आगगाडी आणि स्वतःचे वाहन

आगगाडीत खिडकी आपल्याकडे चालत येते. चीनमधील एरेनहोत आणि मंगोलियातील झामिन-ऊद यांच्या दरम्यान चीनच्या १,४३५ मिलिमीटर आणि मंगोलियाच्या १,५२० मिलिमीटर रुळांमधल्या फरकामुळे थेट गाडीचे डबे उचलून खालची चाके बदलली जातात आणि त्यात काही तास जातात. या काळात अधिकारी डब्यात येऊन पासपोर्ट गोळा करून नेतात आणि शौचालयांना कुलूप असते. पाणी त्या हिशेबाने प्यावे, पासपोर्ट परत आल्याशिवाय झोपू नये आणि आलेला पासपोर्ट आपलाच आहे ना, हे उघडून पाहावे.

स्वतःच्या वाहनाने जाणाऱ्याला वाहनाचीही एन्ट्री आणि एक्झिट करावी लागते, म्हणजे त्याच्या खिडक्या दुप्पट होतात. काही देश ‘कार्ने द पासाज’ हे हमीपत्र मागतात, काही तात्पुरत्या आयातीचा परवाना देतात. वाहन देशाबाहेर नेताना हा कागद बंद करून घेतला नाही, तर वाहन तिथेच विकले गेले असे मानून शुल्क किंवा अनामत रक्कम वसूल होऊ शकते. विम्यासाठी युरोप आणि आसपासच्या देशांत ‘ग्रीन कार्ड’ पद्धत आहे, म्हणजे एका देशाचा वाहनविमा दुसऱ्यात ग्राह्य धरणारे प्रमाणपत्र. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना रस्ता वाहतुकीवरच्या १९४९ च्या आंतरराष्ट्रीय कराराचा हवा की १९६८ च्या, हे देशानुसार बदलते. भाड्याच्या गाडीसाठी सीमा ओलांडण्याची मालकाची लेखी परवानगी लागते.

पलीकडचा पहिला अर्धा तास

बाहेर पडताच गर्दी अंगावर येते: चलन बदलणारे, टॅक्सीवाले, सिमकार्ड विकणारे. आधी बाजूला उभे राहून पासपोर्ट त्याच्या नेहमीच्या जागी ठेवावा, मग बाकीचे. चलन फक्त पहिल्या प्रवासापुरते बदलावे आणि घडी घातलेल्या नोटा उलगडून स्वतः मोजाव्यात, कारण घडीतली एक नोट दोनदा मोजली जाते. घड्याळ नव्या वेळेला लावावे. काही देशांत ठरावीक दिवसांत मुक्कामाची नोंदणी पोलिसांकडे किंवा ऑनलाइन करावी लागते. हॉटेल ती करत असेल तर तिची चिठ्ठी घ्यावी, कारण पुढच्या सीमेवरच्या पहिल्या खिडकीत ती मागितली जाऊ शकते. दोन्ही शिक्क्यांचा स्पष्ट फोटो काढून घरी एकाला पाठवावा आणि परवानगीचा शेवटचा दिवस मोजून, त्याच्या पाच दिवस आधीचा गजर फोनमध्ये लावावा.